रामकुंडाच्या तळाशी काय होतं? गोदावरीतल्या कुंडांचं एक प्रकरण

एप्रिल २०१६. गुढीपाडवा तोंडावर आलेला आणि नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं. म्हणजे खरंच कोरडं, तळ दिसत होता, आणि तो तळ खडकाचा नाही वाळूचा नाही, चक्क सिमेंटचा. बाहेरगावहून अस्थी घेऊन आलेली माणसं काठावर उभी, आणि शेवटी टँकरने पाणी आणून कुंडात सोडायची वेळ आली. शंभरहून जास्त वर्षांत असं पहिल्यांदाच झालंय असं तेव्हा बातम्यांत येत होतं. त्यात कहर म्हणजे सिंहस्थाचं, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याचं, वर्ष अजून चालूच होतं. ऑगस्ट-सप्टेंबर २०१५ मध्ये तीन शाही स्नानं झालेली, ध्वज अजून उतरला नव्हता, आणि ज्या पाण्यात बुडी मारायला लाखो लोक येऊन गेले ते पाणीच जागेवर नव्हतं.

बरं, चार महिने जात नाहीत तोच २ ऑगस्ट २०१६ ला त्याच गंगेला असा पूर आला की सराफ बाजारात पाणी. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, गंगेवर जाऊन येतो, गंगेला पाणी आलं, वगैरे.) म्हणजे एकाच नदीने एकाच वर्षात दोन्ही टोकं दाखवली. पुराची चर्चा आठ दिवस चालली, ती दर वेळी चालते. पण यावेळी काही लोकांनी एप्रिलचा तो सिमेंटचा तळ डोक्यातून जाऊ दिला नाही. हे प्रकरण त्या तळाचं आहे.

आधी काय झालं होतं

रामकुंड हे काही एकटं कुंड नाही. गांधी तलावाच्या आसपासपासून खाली गाडगे महाराज पुलाच्या दिशेने जे पात्र आहे ना, त्यात एकामागे एक अशी कुंडं आहेत. लक्ष्मण कुंड, धनुष कुंड, सीता कुंड, अहल्या कुंड, शारंगपाणी कुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडोबा कुंड, ओक कुंड, वैशंपायन कुंड, मुक्तेश्वर... वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी बांधलेली. रामकुंडच घ्या, साधारण २७ मीटर बाय १२ मीटर, १६९६ मध्ये साताऱ्याकडच्या एका जमीनदाराने बांधलं आणि नंतर गोपिकाबाई पेशव्यांनी, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या आईने, त्याचं काम पुढे नेलं.

२००३-०४ च्या सिंहस्थाच्या तयारीत या सगळ्या पट्ट्यात तळाला काँक्रीट टाकलं गेलं. कुणी दुष्टपणा म्हणून टाकलं असं मला वाटत नाही. हिशेब सरळ होता, एका दिवसात लाखो लोक पाण्यात उतरणार, त्यात म्हातारीकोतारी, पोहता न येणारी, तर तळ सपाट पाहिजे, खोली सगळीकडे सारखी पाहिजे, पाय चिखलात रुतायला नको, कपारीत अडकायला नको, मेळा संपल्यावर साफ करायला सोपं पाहिजे. इंजिनिअरच्या टेबलावरून बघितलं तर यात चूक काढायला जागाच नाही. नदी म्हणजे वर पाणी असलेला रस्ता असं धरलं की सगळं बरोबर बसतं.

पण नदीला तळ असतो तो नुसता पाणी धरून ठेवायला नसतो. आपला सगळा भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याचे थरावर थर. काही थर कडक पण भेगाळलेले, काहींत बारीक पोकळ्या, आणि दोन थरांमधल्या जागेतून पाणी सरकत राहतं. पावसाळ्यात जे पाणी दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर मुरतं ते हळूहळू खाली येऊन हिवाळ्या-उन्हाळ्यात नदीच्या तळातून वर येतं, त्यालाच आपण झरे म्हणतो. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये जे आड होते त्यांचं पाणी आणि नदीचं पाणी एकमेकांशी जोडलेलं होतं. वर काँक्रीट आलं की ही ये-जा तुटते. मग कुंडात पाणी राहणार ते फक्त वरून, म्हणजे गंगापूर धरणातून सोडलं तर. २०१४ आणि २०१५ दोन्ही साली पाऊस कमी, धरणात पाणी कमी, त्यातून जायकवाडीला पाणी द्यायचं (२००५ च्या कायद्यातली समन्यायी वाटपाची तरतूद, तिच्यावरून आपल्याकडे दर दुष्काळात डोकी फुटायची वेळ येते), म्हणजे आवर्तन (धरणातून ठरावीक वेळी सोडायचं पाणी) लांबलं की रामकुंड कोरडं. झालंही तसंच.

कागद बाहेर निघाले

आता मुद्द्यावर येतो. गोदावरी प्रदूषणाचा लढा आधीपासून चालूच होता. २०१२ मध्ये नाशिकच्या लोकांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकली होती, त्यात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला तांत्रिक सल्ल्यासाठी आणलं गेलं, पूररेषा, सांडपाणी, घाटावर गाड्या धुणं असे सगळे विषय निघाले. हे काम मोठं आहे आणि ते करणाऱ्यांनी आयुष्याची वर्षं घातली आहेत. पण खरं सांगायचं तर बीओडी किती, सीओडी किती (पाण्यातल्या घाणीची ही मापं, आकडा जितका मोठा तितकी घाण जास्त), हे ऐकताना घाटावरच्या माणसाचे डोळे मिटायला लागतात. तुम्ही आम्ही पण तसेच. "नदी वाचवा"च्या मानवी साखळ्या झाल्या, फोटो आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली.

काँक्रीटविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांनी वेगळीच वाट धरली. त्यांनी आधी हे शोधलं की खाली नेमकं काय गाडलं गेलंय. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर आहे, त्यात घाटावरची कुंडं एकेक करून दिली आहेत, कुणी बांधलं, कुठे आहे. १९१७ सालचा भूमी अभिलेखचा नकाशा आहे, त्यात कुंडं आखलेली आहेत. हे सगळं समोर ठेवून त्यांनी म्हटलं की बाबांनो इथे सतरा प्राचीन कुंडं आहेत, तुम्ही काँक्रीट "नदीपात्रात" टाकलं असं लिहिता पण प्रत्यक्षात या सतरा ठिकाणी टाकलंय, ही घ्या नावं, हा घ्या नकाशा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

मला यातली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे एकच माहिती तीन वेगळ्या माणसांना तीन वेगळ्या प्रकारे कामी आली. न्यायालयाला आणि अधिकाऱ्यांना नकाशा पुरतो, कारण नकाशा नाकारता येत नाही. भाविकाला नकाशात काही रस नाही पण दशाश्वमेध तीर्थ सिमेंटखाली गेलं म्हटल्यावर तो चपापतो. आणि ज्याला देवाधर्माशी काही देणंघेणं नाही, जो फक्त बुधवारच्या बाजारात भाजी घ्यायला घाटावर येतो, त्याला हे ऐकून नवल वाटतं की आपण रोज ज्यावरून जातो तिथे खाली बारव असावी तशी दगडी बांधणी आहे आणि आपल्याला पत्ताच नाही. मी अशा घाटावरच्या फेऱ्यांना गेलोय, तिथे कॉलेजची पोरं मोबाईल बघत चालत असतात, आणि ज्या क्षणी सांगणारा म्हणतो की आत्ता तुम्ही जिथे बघताय तिथे अमुक कुंड होतं आणि ते अजून खाली आहे, त्या क्षणी माना वर होतात. प्रदूषणाच्या आकड्यांवर माना वर होत नाहीत, मी बघितलंय.

नाशिककराला गाडलेल्या गोष्टीची सवय नाही असंही नाही. रहाडी बघा की. पेशवेकालीन हौद, वर्षभर लाकडाच्या ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेले, वरून रिक्षा जातात, आणि रंगपंचमी आली की शनी चौकात, तिवंध्याला, दिल्ली दरवाजाला बरोबर तिथेच खोदतात आणि रंगाच्या पाण्यात धप्पकन उड्या. जागा कुणी विसरत नाही कारण दर वर्षी उघडतात. कुंडांचं तसं झालं नाही, ती एकदा झाकली ती झाकलीच, आणि दहा-पंधरा वर्षांत नवी पिढी तयार झाली जिला रामकुंड सोडून एकाही कुंडाचं नाव सांगता येईना.

काँक्रीट निघालं, पण

२०२० नंतर स्मार्ट सिटीच्या गोदा प्रकल्पात काही कुंडांच्या तळातलं काँक्रीट काढायचं काम झालं. काही म्हणतोय, सगळ्या नाही. खालची जुनी दगडी बांधणी बघायला लोक गेले, फोटो फिरले, झरे दिसले म्हणून व्हिडिओ फिरले. हा विजयच होता, त्यात कंजूषी नको. भारतात नदीच्या तळात काँक्रीट टाकल्याची उदाहरणं पैशाला पासरी आहेत, टाकलेलं फोडून काढल्याची किती सांगता येतील?

मात्र याच काळात, घाटाच्या सुशोभीकरणाच्या कामात जुना सांडवा (पात्र ओलांडायचा बुटका दगडी बांध) तोडला म्हणून पण ओरड झाली. म्हणजे एका हाताने जुनं उघडायचं आणि दुसऱ्या हाताने जुनं पाडायचं. एकाच घाटावर.

आणि खुद्द रामकुंड? तिथे तळाला हात लावायला तीर्थोपाध्यायांचा, म्हणजे घाटावर विधी करणाऱ्या पुरोहितांचा, विरोध झाला. विरोध करणाऱ्यांना लगेच खलनायक करून टाकणं सोपं आहे, मी करणार नाही. त्यांचं म्हणणं असं की काँक्रीट काढलं की खोली वाढणार, खड्डे होणार, आणि रोज येणारा भाविक, ज्याला पोहता येत नाही, तो बुडला तर जबाबदार कोण. ज्या माणसाचं आयुष्य त्या पायऱ्यांवर गेलंय आणि ज्याने माणसं बुडताना बघितली आहेत त्याची ही भीती खोटी नाही. यावर उत्तरं आहेत, साखळ्या, पाण्यातले कठडे, पायऱ्यांपुरता सपाट भाग ठेवून मधला तळ मोकळा करणं, जीवरक्षक. पण ही उत्तरं घेऊन त्यांच्याशी बसून बोलायला पाहिजे होतं, आणि तिथे आमच्या पर्यावरणवाल्यांची गोष्ट थोडी अडखळली. गंमत म्हणजे गोष्टींचा सगळ्यात मोठा साठा कुणाकडे आहे? याच तीर्थोपाध्यायांकडे. त्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यानपिढ्यांची नावं आहेत, कुठल्या गावचं कोण कधी आलं, वंशावळी. नदीचा इतिहास सांगायचा तर त्यांना समोरच्या बाकावर बसवून कसं चालेल, शेजारी बसवलं पाहिजे.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते ती म्हणजे "काँक्रीट काढा, झरे वाहतील, गंगा बारमाही होईल" हे जे सांगितलं जातं ते. ऐकायला फार छान आहे. पण झऱ्याला पाणी येतं कुठून? मुरलेल्या पावसातून. आणि पाऊस मुरायची जागा आपण ठेवली आहे का? पंचवटीपासून म्हसरूळपर्यंत आणि इकडे गंगापूर रोडपर्यंत पेव्हर ब्लॉक, पार्किंग, सोसायट्या, आणि प्रत्येक सोसायटीत एक बोअरवेल ते मुरलेलं थोडंफार पण उपसून घेते. तळ मोकळा करणं म्हणजे दार उघडणं, पण दारापलीकडे कुणी असायला तर पाहिजे. त्यात अरुणा जमिनीखाली गेली, वाघाडी आणि नासर्डी या दोन्ही उपनद्या नाल्यासारख्या वागवल्या जातात (नासर्डीला आता नंदिनी म्हणतात, नाव बदलल्याने वास गेला नाही). तेव्हा उद्या तळ पूर्ण मोकळा होऊन पण एखाद्या दुष्काळात कुंड कोरडं पडलं तर लोक म्हणतील बघा, काढून काय झालं. गोष्ट सांगताना नदीच्या वतीने खोटी आश्वासनं देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, नदी आपली बाजू मांडायला येत नाही.

गोष्ट जिथे संपते तिथून पुढची नदी

या प्रकरणाची खरी मर्यादा मला वेगळीच वाटते. कुंडांची गोष्ट घाटावर सुरू होते आणि घाटावरच संपते. तपोवनापर्यंत कशीबशी जाते, कारण तपोवनाला पण रामायणाची गोष्ट आहे. २०२५ च्या शेवटी साधुग्रामसाठी (सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाची जागा) तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा शहरभरातून जो विरोध उसळला त्याचं एक कारण हेच, शहरात झाडं रोज पडतात पण तपोवनाचं नाव आलं की माणूस उठून बसतो. त्यापुढे? कपिला संगमाच्या खाली गोदावरी जी जाते ती टाकळी, दसक, पंचक, मग चांदोरी, सायखेडा करत नांदूर मधमेश्वरला. शहराचं मैलापाणी प्रक्रिया करून, आणि काही न करता पण, याच वाटेने जातं. जुनी मलनिस्सारण केंद्रं बीओडी ३० च्या हिशेबाने बांधलेली, आता निकष १० चा. तपोवनाखाली पाण्यावर पांढरा फेस बघितला नाही असा माणूस त्या बाजूला सापडणार नाही.

त्या पाण्यात नत्र आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे पाणवेलीला आयतं खत. पाणवेली वाढतात, पुरात वाहून सायखेड्याच्या पुलाला अडकतात, आणि उरलेल्या नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर पसरतात. आणि नांदूर मधमेश्वर म्हणजे काय साधीसुधी जागा नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, चिखल, पाणगवत, आणि पक्ष्यांनी ती जागा आपली करून टाकली. १९८६ ला अभयारण्य, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात चापडगावला गेलात तर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, चमचे, क्रौंच, नशीब असेल तर रोहित. गावातलीच पोरं गाईड आहेत, दुर्बीण लावून देतात आणि असं सांगतात की ज्ञानी माणसाने गप्प ऐकावं. पाणवेली तिथे सगळ्यांनाच सारख्या वाईट नाहीत हे पण तिथेच समजतं, जांभळ्या पाणकोंबड्या त्यावर मजेत चालतात, पण बदकांना उतरायला मोकळं पाणी लागतं आणि शेकाट्यासारख्यांना उथळ चिखल लागतो, त्यांची जागा जाते. शिवाय कालव्याच्या आवर्तनाप्रमाणे पातळी वरखाली होते ती वेगळीच.

हे सगळं रामकुंडापासून ४० किलोमीटरच्या आसपास. एका तासाचा रस्ता. पण रामकुंडाच्या लढ्यात मी चापडगावचा गाईड किंवा तिथला मासेमारी करणारा व्यासपीठावर बघितलेला नाही, आणि पक्षी बघायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सतरा कुंडांचं काही माहीत असतं. नदी एक आणि तिच्या गोष्टी दोन, एक पुण्याची एक पक्ष्यांची, आणि मधला जो घाणेरडा तुकडा आहे टाकळी ते सायखेडा, त्याची गोष्टच नाही, त्यामुळे त्याला वाली पण नाही. माझ्या मते या प्रकरणातून शिकायचं असेल तर ते हेच आहे की ज्या तुकड्याला नाव, नकाशा आणि सांगणारा मिळाला तो तुकडा सुटला, बाकीचा नाही. चांदोरीला तर पाणी ओसरलं की नदीपात्रात जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात, म्हणजे सांगायला कमी आहे असंही नाही. पुराचं असतं तसं. दुतोंड्या मारुतीच्या (रामकुंडाजवळ पात्रातच उभी मूर्ती) गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, हे पाटबंधारेच्या क्युसेकपेक्षा नाशिककराला जास्त कळतं. सायखेड्याच्या पुलाजवळ असा एखादा मारुती हवा, घाणीची पातळी सांगणारा.

"देव द्या, देवपण घ्या" ही मोहीम इथे आठवल्याशिवाय राहत नाही. विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, गणपती विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी उभं राहून मूर्ती दान मागायची. प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही, रंगात काय असतं, हे सगळं सांगता आलंच असतं, पण त्यांनी चार शब्दांत माणसाला मोठेपणा देऊ केला. आणि लोक देतात मूर्ती. दटावून दिल्या नसत्या.

आता काय चाललंय

२०२६-२७ चा सिंहस्थ दारात आहे. नवे घाट, रामकाल पथ, मलनिस्सारण केंद्रांची वाढ, सगळी कामं एकदम सुरू. २००३ च्या वेळी जसं झालं तशीच घाई, तीच मुदतीची तलवार, आणि "सुरक्षिततेसाठी" हा तोच शब्द. फरक एवढाच की आता गावात असे शे-दोनशे लोक आहेत ज्यांना कुठलं कुंड कुठे आहे ते पाठ आहे, आणि ते खडी-सिमेंटचा डंपर घाटाकडे वळला की फोटो काढतात.

डंपर वळेपर्यंत थांबायची पण गरज नाही खरं म्हणजे. घाटाच्या कुठल्याही कामाच्या नकाशात तळाची पातळी दिलेली असते आणि तळाला काय टाकणार ते अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं, पीसीसी (साधं काँक्रीट), आरसीसी (सळयांचं काँक्रीट), दगडी पिचिंग (दगड रचून केलेलं अस्तर), काय असेल ते. माहितीच्या अधिकारात ही दोन्ही पानं मागता येतात, अर्जाला १० रुपये लागतात. फक्त रामकुंडाची मागू नका, टाकळी, दसक आणि पंचकच्या नव्या घाटांची पण मागा, कारण तिकडे कुणी मागत नाही.